कॉन्फरन्स कॉलवरील बैठक फलदायी कशी करावी

एका खोलीत बसलेल्या माणसांच्या बैठकीत बरेचसे काम न बोलता पार पडते. कोणाला बोलायचे आहे हे त्याच्या हालचालीवरून कळते, कोणाला मुद्दा पटलेला नाही हे चेहऱ्यावर दिसते, आणि एखादी सूचना मान्य झाली की नाही याचा अंदाज टेबलाभोवती नजर फिरवली तरी येतो. केवळ आवाजावर चालणाऱ्या कॉन्फरन्स कॉलमध्ये यांपैकी काहीच हाताशी नसते. तिथे शांतता पसरली तर ती संमतीची आहे, नाराजीची आहे, की पलीकडच्याने म्यूट करून दुसरेच काम हाती घेतले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. कॉलवरच्या बऱ्याच बैठका फसतात त्या याच ठिकाणी: बैठक चालवणारा शांततेला होकार समजतो, सगळे निरोप घेतात, आणि काम सुरू करण्याची वेळ आली की तो होकार नव्हताच असे उघड होते. त्यामुळे खोलीत जे आपोआप कळते ते कॉलवर कोणीतरी ठरवून शब्दांत आणले पाहिजे, आणि ती जबाबदारी बैठकीच्या संयोजकाची आहे. पुढील सर्व सूचना या एका जबाबदारीतूनच निघतात. कॅमेरे सुरू ठेवून होणाऱ्या बैठकांनाही त्या लागू पडतात, कारण पडद्यावरच्या लहान चौकटींत चेहरा दिसला तरी नजर कोणाकडे आहे हे कळत नाही.

निमंत्रण पाठवण्यापूर्वी

पहिला प्रश्न हा की कॉल हवा आहे का. केवळ माहिती द्यायची असेल, तर ती लिहून पाठवावी. प्रत्येकाला ती आपल्या सोयीने आणि बोलण्यापेक्षा कमी वेळात वाचता येते. ज्या विषयात एकाच्या उत्तरावर दुसऱ्याचे उत्तर अवलंबून आहे, जिथे मतभेद आहेत, किंवा जिथे अनेकांनी मिळून एकच निर्णय घ्यायचा आहे, तिथे कॉल खरोखर उपयोगी पडतो. निमंत्रण लिहायला बसल्यावर ‘या बैठकीच्या शेवटी काय ठरलेले असेल’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर बैठकीची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

हेच वाक्य विषयपत्रिकेचा पाया असते. ‘वितरण’, ‘विक्रीचा आढावा’, ‘इतर विषय’ असे शब्द लिहून विषयपत्रिका तयार होत नाही, कारण ते वाचून कोणालाही तयारी करता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात मांडावा: ‘सध्याच्या दोन वितरकांपैकी कोणाचा करार वाढवायचा?’ किंवा ‘नव्या उत्पादनाची तारीख पुढे ढकलायची की त्यातील दोन सुविधा कमी करायच्या?’ प्रश्न स्पष्ट असेल तर चर्चा कुठे थांबवायची हेही स्पष्ट होते. प्रत्येक प्रश्नापुढे तो कोण मांडणार आणि त्याला किती मिनिटे द्यायची हे लिहावे. सर्वांत अवघड प्रश्न पहिल्या अर्ध्या भागात घ्यावा. शेवटी ठेवलेला अवघड प्रश्न बहुधा पुढच्या बैठकीत जातो.

सोबतची कागदपत्रे निदान एक पूर्ण कामाचा दिवस आधी पोहोचली पाहिजेत. येथे एक छोटी बाब फार महत्त्वाची आहे. समोरासमोरच्या बैठकीत ‘हा आकडा पाहा’ म्हणून बोट दाखवता येते. कॉलवर ते शक्य नसते. म्हणून प्रत्येक पानाला क्रमांक, प्रत्येक तक्त्याला क्रमांक आणि तक्त्यातील प्रत्येक ओळीलाही क्रमांक द्यावा, म्हणजे ‘पान ४, तक्ता २, ओळ ७’ असे म्हणताच सर्वजण एका जागी येतात. फाइलच्या नावात तारीख असावी. अर्धी मंडळी जुनी प्रत उघडून बसली असतील, तर एकमेकांशी न जुळणाऱ्या आकड्यांवर वाद घालण्यात वेळ जातो आणि खरे कारण शेवटी लक्षात येते.

माणसे किती बोलवावीत, याचा हिशेब सोपा आहे. चार जणांत परस्पर संवादाच्या जोड्या ६ होतात, आठ जणांत २८ आणि बारा जणांत ६६. एका वेळी एकच आवाज नीट ऐकू येणाऱ्या माध्यमात ६६ जोड्यांचा संवाद चालवणे अशक्य असते. माझ्या मते निर्णयासाठीच्या कॉलवर सात-आठ जणांच्या वर संख्या जाऊ देऊ नये. ज्यांना केवळ निर्णय कळणे पुरेसे आहे, त्यांना इतिवृत्त पाठवावे आणि तसे आधीच सांगावे, म्हणजे वगळल्याची भावना राहत नाही. उलट, निर्णय घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती येऊ शकत नसेल, तर बैठक पुढे ढकललेली बरी.

वेळ ठरवताना कॉल लागोपाठ असतात हे ध्यानात ठेवून तासाऐवजी ५० मिनिटांची आणि अर्ध्या तासाऐवजी २५ मिनिटांची बैठक ठेवावी. सहभागी वेगवेगळ्या देशांत असतील, तर निमंत्रणात स्थानिक वेळेसोबत यूटीसी (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) वेळही लिहावी, कारण घड्याळे पुढे-मागे करण्याच्या तारखा सर्वत्र सारख्या नसतात. अमेरिकेत २००७ पासून उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. युरोपीय संघात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. त्यामुळे मार्चमध्ये दोन ते तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा या दोन भागांतील अंतर नेहमीपेक्षा एका तासाने वेगळे असते, आणि वर्षभर सुरळीत चाललेल्या साप्ताहिक कॉलवर त्याच आठवड्यांत कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतो. शिवाय गैरसोयीची वेळ नेहमी एकाच गटाच्या वाट्याला येऊ नये. पहाटेचा कॉल या वेळी एकांनी सोसला असेल, तर पुढच्या वेळी दुसऱ्यांनी सोसावा. तेवढी न्यायबुद्धी दाखवली की लोक बैठकीत मनापासून भाग घेतात.

आवाजाची तयारी

आवाज हे या बैठकीचे एकमेव साधन आहे, तरी त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. पारंपरिक टेलिफोन वाहिनी आवाजाच्या वारंवारतेचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या ध्वनींची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते, म्हणून साध्या फोनवर ही व्यंजने पुसट होतात आणि अनोळखी नावे चुकीची ऐकू येतात. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलमध्ये हा पट्टा बराच रुंद असतो. पण एक जरी व्यक्ती साध्या फोनवरून जोडली गेली असेल, तर तिचे ऐकणे आणि तिचा आवाज मर्यादित राहतो, हे इतरांनी लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण विलंबाची आहे. सामान्य संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे सांगते. भूस्थिर उपग्रहामार्गे तो एकाच दिशेला पाव सेकंदाच्या आसपास जातो. म्हणजे चांगल्या जोडणीतही प्रश्न पोहोचून उत्तर परत येईपर्यंत नेहमीच्या विरामापेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो. तेवढ्यात प्रश्न विचारणाऱ्याला वाटते की कोणी बोलत नाही, तो पुन्हा बोलू लागतो, दोन आवाज एकमेकांवर आदळतात आणि मग दोघेही थांबतात. यात कोणाचाही उद्धटपणा नसतो. उपाय असा की प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजेपर्यंत थांबावे, आणि दोघे एकदम बोलले तर संयोजकाने लगेच नाव घेऊन क्रम लावून द्यावा.

हेडसेट वापरावा, आणि शक्यतो तारेचा. मायक्रोफोन तोंडाजवळ असला की खोलीचा घुमारा कमी येतो. अनेक ब्लूटूथ हेडसेट मायक्रोफोन सुरू होताच कमी दर्जाच्या ध्वनिप्रकारावर जातात, म्हणून गाणी उत्तम ऐकवणारा हेडसेट कॉलवरही उत्तम ठरेल असे गृहीत धरू नये. स्वस्त स्पीकरफोन एका वेळी एकाच दिशेचा आवाज जाऊ देतात. त्यावरून बोलणाऱ्याला मध्येच थांबवता येत नाही, कारण त्याला इतरांचा आवाज ऐकूच येत नाही. प्रतिध्वनी येऊ लागला तर एक गोष्ट उपयोगी पडते: ज्याच्या यंत्रात दोष असतो त्याला स्वतःला प्रतिध्वनी ऐकू येत नाही. त्याच्या स्पीकरमधून आलेला इतरांचा आवाज त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि परत सर्वांकडे जातो. म्हणून ‘कोणाला प्रतिध्वनी येत नाही?’ असे विचारावे आणि त्या व्यक्तीला स्पीकरचा आवाज कमी करायला किंवा हेडसेट लावायला सांगावे.

काही जण एका खोलीत आणि काही जण दूरवरून, अशी मिश्र बैठक सर्वांत कठीण असते. खोलीतले लोक आपसांत कुजबुजतात, फळ्यावर लिहितात, नजरेने सहमत होतात, आणि दूर असलेल्यांना त्यातले काहीच मिळत नाही. एकही सहभागी दूर असेल तर प्रत्येकाने आपापल्या जागेवरून स्वतंत्रपणे जोडले जावे, असा नियम करावा. ते शक्य नसेल तर प्रत्येक प्रश्नावर दूरच्या लोकांना आधी बोलू द्यावे आणि खोलीत घडलेली प्रत्येक न ऐकू येणारी गोष्ट संयोजकाने बोलून सांगावी.

बैठक सुरू असताना

संयोजकाने पाच मिनिटे आधी जोडले जावे आणि ठरलेल्या मिनिटाला सुरुवात करावी. हजेरी त्याने स्वतः यादी वाचून घ्यावी. प्रत्येक नव्या आवाजावर ‘कोण आले?’ असे विचारत बसल्याने चर्चेची सुरुवात तुकड्यातुकड्यांत होते. येण्या-जाण्याची सूचना देणारा ध्वनी हजेरीनंतर बंद करावा. उशिरा आलेल्यासाठी मागचे सगळे पुन्हा सांगू नये; वेळेवर आलेल्या सात जणांचा वेळ त्यात जातो. त्याला लिखित नोंदी पाहायला सांगावे.

हजेरीनंतर संयोजकाने तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात: आज कोणता निर्णय घ्यायचा आहे, तो कसा घेतला जाईल (सर्वसहमतीने, बहुमताने, की सर्वांचे ऐकून एक व्यक्ती तो घेईल) आणि नोंदी कोण ठेवणार आहे. यातली दुसरी गोष्ट बहुधा राहून जाते. निर्णयाची पद्धत न सांगता चर्चा केली तर काहींना वाटते आपण मत देत आहोत, काहींना वाटते आपण मंजुरी देत आहोत, आणि हा गैरसमज बैठकीनंतर कटुता निर्माण करतो. नोंदी ठेवणारी व्यक्ती संयोजकाहून वेगळी असावी. ऐकणे, क्रम लावणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे एकाने केली की तिन्ही अर्धवट होतात.

बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव सांगावे, अशी पद्धत ठेवावी. एकमेकांचे आवाज ओळखणाऱ्या लहान गटात ती लवकरच अनावश्यक होते. पण बाहेरचा एक जरी सहभागी असेल तर ती शेवटपर्यंत पाळावी. नोंदी ठेवणाऱ्यालाही तिचा आधार होतो.

प्रश्न विचारताना नाव आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम पाळावा. ‘पुरवठ्याची तारीख आपण पाळू शकू असे तुम्हाला वाटते का, सुनीताताई?’ असे विचारले तर नाव ऐकू येईपर्यंत प्रश्न निघून गेलेला असतो आणि सुनीताताईंना तो पुन्हा विचारावा लागतो. ‘सुनीताताई, तुम्हाला एक प्रश्न आहे. पुरवठ्याची तारीख आपण पाळू शकू का?’ असे म्हटले की त्या सावध होतात, म्यूट काढतात आणि प्रश्न पूर्ण ऐकतात.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे शांततेकडे वळू. ‘कोणाची काही हरकत आहे का?’ हा प्रश्न कॉलवर विचारू नये. त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी शांतता असते, आणि त्या शांततेला काहीही अर्थ नसतो. एखादा म्यूट काढायच्या खटपटीत असतो, एखादा दुसरा कोणी बोलेल म्हणून थांबतो, एखाद्याला सर्वांदेखत पहिला विरोधी सूर लावण्याचे धाडस होत नाही. महत्त्वाच्या प्रत्येक निर्णयावर एकेकाचे नाव घेऊन उत्तर घ्यावे. त्यातही ‘मान्य आहे का?’ यापेक्षा ‘हे अमलात आणताना तुमच्या विभागात सर्वांत मोठी अडचण कोणती येईल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटता येते; दुसऱ्याला विचार करूनच उत्तर द्यावे लागते आणि मनातली शंका विरोध न वाटता बाहेर येते. उत्तरांचा क्रमही ठरवून लावावा. कनिष्ठ सहकाऱ्यांना आधी आणि वरिष्ठांना शेवटी बोलू द्यावे, कारण वरिष्ठांचे मत एकदा कानावर पडले की पुढची मते त्याच्याकडे झुकतात. आठ जणांची अशी फेरी पाच-सहा मिनिटांत पूर्ण होते, आणि ही मिनिटे वाचवण्याचा मोह संयोजकाने कटाक्षाने टाळावा.

बैठकीची भाषा काहींची मातृभाषा नसेल, तर ही फेरी आणखी आवश्यक ठरते. फोनवर परभाषा समजून घेणे समोरासमोरच्यापेक्षा अवघड असते, कारण ओठांची हालचाल दिसत नाही. अशा सहकाऱ्यांना प्रश्न आधीच लिखित पाठवावेत आणि सर्वांनी वाक्ये लहान ठेवून सावकाश बोलावे.

आकडे दोनदा सांगावेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सात आणि साठ हे फोनवर सहज एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘एकोणसाठ, पाच आणि नऊ’ असे अंक सुटे करून सांगावे. किंमत, प्रमाण आणि तारीख ऐकणाऱ्याने परत उच्चारून दाखवावी. हे ऐकायला कंटाळवाणे वाटते, पण चुकीच्या आकड्यावर दिलेली ऑर्डर निस्तरण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

लांबलेले बोलणे थांबवणे हे संयोजकाचे नाजूक काम आहे. खोलीत नुसते पुढे झुकले तरी बोलणारा आवरते घेतो. कॉलवर त्याला नावाने हाक मारण्याशिवाय इलाज नाही. ‘महेशराव, एक क्षण थांबवतो. तुमचा मुद्दा असा आहे की साठा अपुरा पडेल. बरोबर?’ अशा रीतीने त्याच्याच म्हणण्याचा सारांश करून थांबवले तर अपमान वाटत नाही आणि चर्चा पुढे जाते. विषयाबाहेरचा पण महत्त्वाचा मुद्दा निघाला तर तो नोंदींत वेगळा लिहून घेतल्याचे मोठ्याने सांगावे, म्हणजे मांडणारा तो पुन्हा काढत नाही.

बोलत नसलेल्यांनी म्यूटवर राहावे, हा नियम मोठ्या कॉलसाठी योग्य आहे. चार-पाच जणांच्या कॉलमध्ये मात्र, प्रत्येकाच्या आजूबाजूला शांतता असेल तर, म्यूट काढून ठेवणे मला अधिक पसंत आहे. ‘हं’, ‘बरोबर’ असे छोटे उद्गार ऐकू आले की बोलणाऱ्याला आपण ऐकले जात असल्याचे कळते, आणि एखाद्याने घेतलेला सुस्काराही संयोजकाला पुढचा प्रश्न कोणाला विचारावा ते सांगून जातो.

शेवटची सात-आठ मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळात नोंदी ठेवणाऱ्याने प्रत्येक निर्णय जसाच्या तसा वाचून दाखवावा आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि नेमकी तारीख आहे याची खात्री करावी. ‘विपणन विभाग पुढच्या आठवड्यापर्यंत पाहील’ ही नोंद निरुपयोगी आहे. विभागाला फोन करता येत नाही, आणि ‘पुढचा आठवडा’ प्रत्येकाच्या मनात वेगळ्या दिवशी संपतो. ज्याचे नाव आले त्याने स्वतःच्या तोंडाने ‘हो, हे मी त्या तारखेपर्यंत करतो’ असे म्हणावे. चर्चा अपुरी राहिली असली तरी हा वेळ चर्चेला देऊ नये.

गोपनीयता आणि खंड पडल्यास

२०१२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफबीआयचे आणि लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांचे अधिकारी हॅकरांच्या तपासाविषयी कॉन्फरन्स कॉलवर बोलत असताना तो कॉल चोरून ऐकला गेला, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ‘अनॉनिमस’ या हॅकरांच्या गटाने त्याचे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकले. त्यासाठी दूरध्वनीची यंत्रणा फोडावी लागली नव्हती. कॉलचा क्रमांक आणि पासकोड असलेला निमंत्रणाचा ईमेल बाहेरच्यांच्या हाती लागला, एवढेच पुरले. व्यवसायातील बैठकांसाठी यातून सरळ नियम निघतात. संवेदनशील कॉलसाठी दर वेळी नवा पासकोड घ्यावा, निमंत्रण खासगी ईमेल खात्यावर पुढे पाठवू नये, आणि हजेरीतील नावांची संख्या जोडल्या गेलेल्या क्रमांकांशी जुळते का ते पाहून मगच बैठक सुरू करावी. एक क्रमांक जरी अनोळखी असला तरी तो कोणाचा हे कळेपर्यंत विषय काढू नये. एकच पासकोड कायम वापरला तर आधीची बैठक लांबताच पुढच्या बैठकीचे लोक त्यात येऊन पडतात, हाही तोटा आहे.

ध्वनिमुद्रण करायचे असेल तर सुरुवातीलाच सांगून प्रत्येकाची संमती घ्यावी. अमेरिकेतील कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी संभाषण सर्वांच्या संमतीविना मुद्रित करणे कायद्याने गुन्हा आहे. जिथे तसा कायदा नाही तिथेही न सांगता केलेल्या मुद्रणाने विश्वास जातो.

जोडणी तुटण्याची तयारीही आधीच असावी. संयोजकाचा संपर्क तुटला तर बैठक कोण पुढे चालवणार, आणि संपूर्ण कॉलच तुटला तर कोणत्या क्रमांकावर किती मिनिटांनी पुन्हा जोडायचे, ही दोन वाक्ये निमंत्रणात असली की पुरते.

कॉल संपल्यानंतर

इतिवृत्त त्याच दिवशी गेले पाहिजे. ते एका पानाचे असावे: वर निर्णय, त्याखाली कामे, नावे आणि तारखा, आणि शेवटी पुढे ढकललेले मुद्दे. कोण काय बोलले याचा वृत्तान्त सहसा लागत नाही. पण एखाद्याने निर्णयाला विरोध नोंदवला असेल तर तो त्याच्या शब्दांत लिहावा. दुरुस्ती कळवण्यासाठी नेमकी मुदत द्यावी. अनुपस्थित असलेल्या ज्या व्यक्तीवर काम सोपवले गेले, तिला इतिवृत्तातून ते कळू देऊ नये. आधी फोन करून सांगावे आणि तिचा होकार घ्यावा.

दर आठवड्याला ठरलेले कॉल सवयीने चालू राहतात. त्या आठवड्यात विषयपत्रिकेवर एकही प्रश्न आला नसेल, तर आदल्या दिवशी कॉल रद्द करावा. एखाद्या प्रश्नावर दोन कॉल होऊनही निर्णय झाला नसेल, तर तिसरा ठरवण्यापूर्वी अडले कुठे ते शोधावे. माहिती कमी पडत असेल तर ती आणण्याचे काम एकाला द्यावे आणि ती येईपर्यंत कॉल ठेवू नये. अधिकार असलेली व्यक्ती बैठकीत नसेल तर तिच्या सोयीने वेळ ठरवावी. आणि दोन सहकाऱ्यांत खरा मतभेद असेल, तर सर्वांसमोर तो तिसऱ्यांदा मांडायला लावण्याऐवजी संयोजकाने दोघांना वेगवेगळे फोन करून प्रत्येकाला कोणती अट मान्य होऊ शकेल ते विचारावे, आणि मगच पुढचे निमंत्रण लिहावे.